संगणकात नेम लागला, पण मैदानात?

२४ जुलै १९४३. पॅसिफिक महासागरात 'टिनोसा' या अमेरिकन पाणबुडीने 'तोनान मारू ३' हे १९,००० टनांचं जपानी जहाज गाठलं. तिरक्या कोनातून मारलेले सुरुवातीचे काही टॉर्पेडो लागले आणि जहाज जागीच थांबलं. आसपास एकही शत्रूची विनाशिका नव्हती. पाणबुडीचे कप्तान डॅस्पिट यांनी सवड काढून पाणबुडी जहाजाच्या बरोबर काटकोनात आणली आणि अवघ्या ८०० मीटरवरून एकामागून एक नऊ टॉर्पेडो सोडले. प्रत्येकाचा माग त्यांनी पेरिस्कोपमधून स्वतः पाहिला. नऊपैकी एकही फुटला नाही. शेवटचा उरलेला टॉर्पेडो त्यांनी डागलाच नाही, तपासणीसाठी तळावर परत नेला.

हा टॉर्पेडो म्हणजे 'मार्क १४'. तो तपासलाच नव्हता, असं अजिबात नाही. पण त्या काळी एका टॉर्पेडोची किंमत सुमारे १०,००० डॉलर होती, त्यामुळे शांततेच्या वर्षांत खरी स्फोटकं भरून तो फोडून पाहणं जवळपास टाळलंच गेलं. सराव व्हायचा तो स्फोटकांऐवजी पाणी भरलेल्या टोकाने. हे टोक खऱ्या स्फोटक टोकापेक्षा हलकं होतं. परिणामी युद्धात खरा टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा तीन मीटरहून जास्त खालून पळायचा आणि जहाजाच्या तळाखालून निघून जायचा. १९४२ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पाण्यात चक्क मासेमारीचं जाळं लावून, त्याला कुठे भोक पडतं ते मोजून हा दोष सिद्ध करावा लागला. जहाजाच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पेटणारा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला बेतलेला होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागोजागी वेगळं असतं, त्यामुळे दूरच्या समुद्रात त्याचं गणित बिघडलं. आणि धडकेने पेटणारा फ्यूज? पर्ल हार्बरला टॉर्पेडोची टोकं क्रेनने सुमारे २७ मीटर उंच नेऊन पोलादी पत्र्यावर टाकून पाहिली. काटकोनात आदळणाऱ्यांपैकी साधारण ७० टक्के वेळा फ्यूज पेटलाच नाही. सरळ धडकेचा धक्का इतका जबर असायचा की फ्यूजची पिन आपल्या मार्गातच अडकायची. तिरका मार बसला तर ती सुटायची. जितका नेम अचूक, तितका टॉर्पेडो निकामी!

संगणकांबद्दलच्या लेखाची सुरुवात संगणक नसलेल्या काळापासून करतोय, त्याला कारण आहे. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरची आभासी गोष्ट आणि मैदानातली चाचणी म्हणजे खरी गोष्ट, अशी सरळ विभागणी आपण मनात करून ठेवतो. पण पाणी भरलेलं ते टोक हेसुद्धा मॉडेलच होतं. खऱ्याच्या जागी ठेवलेलं, पुष्कळसं खऱ्यासारखं, पण एका बाबतीत वेगळं. नेमकी तीच बाब युद्धात महत्त्वाची ठरली. नवीन शस्त्रप्रणाली तपासताना वापरलेलं कोणतंही मॉडेल, लोखंडाचं असो की सॉफ्टवेअरचं, त्याला हा एक प्रश्न विचारावाच लागतो: खऱ्यातलं काय तुम्ही वगळलंत, आणि वगळलेलं बिनमहत्त्वाचं आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?

आकड्यांमधलं उड्डाण

मॉडेल म्हणजे एखादी वस्तू कशी वागते याबद्दल गणिताच्या भाषेत केलेलं विधान. ते विधान काळाबरोबर पुढे चालवत नेणं म्हणजे सिम्युलेशन. एक क्षेपणास्त्र घ्या. या क्षणी ते कुठे आहे, किती वेगात आहे, नाक कुठे वळलंय, पंख किती अंशांत फिरलेत, इंजिन किती जोर लावतंय, हे माहीत असेल तर न्यूटनच्या नियमांनी पुढच्या मिलिसेकंदाला ते कुठे असेल हे काढता येतं. मग त्याच्या पुढच्या मिलिसेकंदाला, मग त्याच्याही पुढच्या. तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती वळणं अशा सहा हालचालींचा हिशेब असल्यामुळे अभियंते याला 'सिक्स-डीओएफ' म्हणतात. अख्खं उड्डाण हे अशा हजारो छोट्या पावलांची बेरीज असते.

संगणक आणि शस्त्रांची गणितं यांचं नातं जन्मापासूनचं आहे. १९४६ मध्ये जगासमोर आलेला 'एनिअॅक' हा संगणक अमेरिकी लष्कराने तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टकं तयार करण्यासाठी बांधून घेतला होता. तोवर हे काम माणसं हाताने करत आणि एकेका मार्गाला कित्येक तास लागत.

पण एक उड्डाण काढून भागत नाही. वारा रोज वेगळा असतो, इंजिनाचा जोर प्रत्येक नगात किंचित कमीजास्त असतो, सेन्सरमध्ये थोडी चूक असतेच. म्हणून तेच उड्डाण हजारो वेळा चालवतात आणि दर वेळी या गोष्टी ठरावीक मर्यादेत यदृच्छेने बदलतात. ही 'मॉन्टे कार्लो' पद्धत. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत अण्वस्त्रांच्या गणितांसाठी स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी ती १९४०च्या दशकात उभी केली. हजार उड्डाणांपैकी ९०० लागली, तर यशाचं प्रमाण ९० टक्के, दोन टक्के इकडेतिकडे, असं म्हणता येतं. दहा हजार चालवली तर ती चूक सुमारे ०.६ टक्क्यावर येते. शंभरपट मेहनत केली की अचूकता दहापट वाढते.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण पुढची सगळी गफलत इथूनच सुरू होते. ही जी 'दोन टक्के इकडेतिकडे' चूक आहे ती फक्त यदृच्छेची चूक आहे. मॉडेलच चुकलं असेल, म्हणजे पाण्याच्या टोकाचं वजनच चुकीचं भरलं असेल, तर दहा लाख वेळा चालवूनही ती चूक तसूभर कमी होणार नाही. उलट चुकीचं उत्तर दशांश चिन्हानंतरच्या चार आकड्यांसह, मोठ्या आत्मविश्वासाने हातात पडेल.

मग खरीच क्षेपणास्त्रं का डागू नयेत?

डागतातच. पण किती डागायची, याचं गणित फार कठोर आहे.

समजा, नव्या क्षेपणास्त्राच्या दहा चाचण्या केल्या आणि दहाही यशस्वी झाल्या. बातमी येईल: शंभर टक्के यश. पण यशाचं खरं प्रमाण जेमतेम ७९ टक्के असलेलं क्षेपणास्त्रही दहापैकी दहा वेळा लागण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. म्हणजे दहा निर्दोष चाचण्यांवरून ९० टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की याची विश्वासार्हता किमान ७९ टक्के आहे. 'किमान ९० टक्के' म्हणायचं असेल तर सलग २२ यशस्वी चाचण्या हव्यात. 'किमान ९९ टक्के' म्हणायचं असेल तर सलग २३०. एकही न चुकता.

मोठं क्षेपणास्त्र २३० वेळा डागून पाहणं कुणालाच परवडत नाही. शिवाय या २३० चाचण्या कुठल्या परिस्थितीतल्या? दिवसा की रात्री, समुद्रावर की डोंगरात, एक लक्ष्य की एकाच वेळी सहा, शत्रू रडार जॅम करतोय की नाही? प्रत्येक परिस्थितीसाठी हे गणित पुन्हा नव्याने मांडावं लागतं. सिम्युलेशनची गरज इथे निर्माण होते आणि ती खरी गरज आहे. पैसे वाचवण्याची पळवाट म्हणून तिच्याकडे पाहणं मला चुकीचं वाटतं. मैदानात जी हजारो वळणं कधीच तपासता येणार नाहीत, ती तपासायला दुसरा रस्ताच नाही.

जमिनीवर बसून उडणारं क्षेपणास्त्र

सगळी सिम्युलेशनं एका जातीची नसतात. कुठे फक्त एका पंखाभोवतीची हवा अभ्यासली जाते, कुठे एका विमानाची एका क्षेपणास्त्राशी गाठ, कुठे पूर्ण मोहीम, तर कुठे महिनाभराचं युद्ध. जितकं वर जावं तितका प्रत्येक वस्तूचा तपशील ढोबळ होत जातो. पंखाच्या मॉडेलला हवेचा प्रत्येक भोवरा दिसतो. युद्धाच्या मॉडेलमध्ये तेच विमान 'इतक्या टक्के वेळा वाचतं' एवढ्या एका आकड्यापुरतं उरतं. तो आकडा खालच्या पायरीवरून आलेला असतो आणि तिथे चूक असेल तर तीही मुकाट्याने वर चढते.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटणारा प्रकार म्हणजे 'हार्डवेअर-इन-द-लूप'. हैदराबादला डीआरडीओच्या 'रिसर्च सेंटर इमारत' या प्रयोगशाळेतही अशी सोय आहे. यात क्षेपणास्त्राचे खरे अवयव घेतात: त्यात बसणारा खरा संगणक, पंख फिरवणाऱ्या खऱ्या मोटारी, दिशा ओळखणारे खरे जायरोस्कोप आणि लक्ष्य शोधणारा खरा सीकर. खोटं असतं ते फक्त आकाश.

जायरोस्कोप तीन अक्षांवर फिरणाऱ्या टेबलावर बसवतात. सीकरला आवाज न घुमणाऱ्या खोलीसारख्या एका खोलीत ठेवतात. फरक इतकाच की तिच्या भिंती रेडिओलहरी शोषून घेतात. समोरच्या भिंतीवरचे अँटेना दूरवरच्या विमानावरून परत यावा तसा रडारचा प्रतिध्वनी तयार करतात. मग चक्र सुरू होतं. सीकरला 'लक्ष्य' दिसतं, क्षेपणास्त्राचा संगणक पंखांना आज्ञा देतो, पंख खरोखर हलतात, ते किती हललेत हे मोजून सिम्युलेशनचा संगणक क्षेपणास्त्र आता कसं वळेल ते काढतो, टेबल तसं वळवतो आणि प्रतिध्वनीची जागाही त्याप्रमाणे सरकवतो. हे सगळं काही मिलिसेकंदांत व्हायला हवं. टेबलाला उशीर झाला तर खऱ्या उड्डाणात नसलेला दोष इथे दिसेल, किंवा असलेला दोष लपून जाईल.

या खोलीतही काही गोष्टी जमत नाहीत. टेबल फिरवता येतं, म्हणून जायरोस्कोप फसतो. पण गुरुत्वाच्या तीसपट जोराने पुढे झेपावल्याचा अनुभव टेबलावरच्या वस्तूला देता येत नाही. त्यामुळे वेगवाढ मोजणाऱ्या सेन्सरच्या जागी त्याचा संकेत तारेतून सरळ संगणकात सोडावा लागतो. म्हणजे तो एक सेन्सर इथे तपासलाच जात नाही, आणि चांगली प्रयोगशाळा हे आपल्या अहवालात स्पष्ट लिहिते.

विमानांमध्ये याच कल्पनेला 'आयर्न बर्ड' म्हणतात: विमानाच्या हायड्रॉलिक आणि नियंत्रण यंत्रणा खऱ्या मापात जमिनीवर जोडून ठेवलेला सांगाडा. 'तेजस'साठी बंगळुरूला असा सांगाडा उभारला होता. तेजस मुद्दाम अस्थिर ठेवलेलं विमान आहे. संगणक क्षणोक्षणी दुरुस्ती करत नसेल तर ते सरळ उडूच शकत नाही, त्यामुळे त्याचं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर चुकलं तर वैमानिकाला सावरायला वाव नाही. ते सॉफ्टवेअर जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये घासूनपुसून तर घेतलंच, शिवाय १९९६ मध्ये अमेरिकेत एका खास एफ-१६ विमानात घालूनही तपासलं. हे एफ-१६ हवेत असताना दुसऱ्या विमानासारखं वागू शकायचं. मग ४ जानेवारी २००१ रोजी तेजसने पहिल्यांदा जमीन सोडली. खोली, मग सांगाडा, मग दुसऱ्याचं विमान, मग स्वतःचं. दर पायरीला खोट्याचा वाटा थोडा कमी आणि खऱ्याचा थोडा जास्त.

मैदानात जे उभंच करता येत नाही

काही बाबतीत मात्र सिम्युलेशन मैदानापेक्षा जास्त खरं असतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. एफ-३५ लढाऊ विमानाचं उदाहरण घ्या. आधुनिक हवाई संरक्षणाच्या दाट जाळ्यात ते टिकतं का, हे तपासायचं होतं. पण शत्रूच्या अत्याधुनिक रडारांचं आणि क्षेपणास्त्रांचं असं दाट जाळं कोणत्याही चाचणी मैदानावर खऱ्या सामग्रीने उभं करता येत नाही. आणि जमलं तरी युद्धासाठी राखून ठेवलेल्या क्लृप्त्या उघड्या आकाशात वापरल्या तर त्या टिपायला उपग्रह आणि जहाजं टपलेलीच असतात.

म्हणून मेरीलँडमधल्या पॅटक्सेंट रिव्हर इथे 'जॉइंट सिम्युलेशन एन्व्हायर्नमेंट' उभारलं गेलं. खरे वैमानिक, कॉकपिटची प्रतिकृती, विमानातलंच सॉफ्टवेअर आणि भोवती संगणकाने उभं केलेलं शत्रूचं आकाश. आधी विमान बनवणाऱ्या कंपनीच्या एका सिम्युलेटरवर भिस्त होती. २०१५ मध्ये तो मार्ग सोडून सरकारी सिम्युलेटर बांधायचं ठरलं, आणि मग वर्षांमागून वर्षं गेली. विमानाच्या औपचारिक युद्धचाचण्या डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाल्या, पण सिम्युलेटरमधल्या ६४ निर्णायक चाचण्या पूर्ण व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. पूर्ण वेगाने उत्पादनाला मंजुरी मिळाली ती मार्च २०२४ मध्ये. तोपर्यंत नऊशेहून अधिक विमानं ताब्यात देऊन झाली होती.

या उशिराचं मोठं कारण समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावर विमान उडताना दाखवणं आता कठीण राहिलेलं नाही. कठीण असतं ते आभासी विमान आणि आभासी रडार खऱ्यासारखंच वागतंय, हे खऱ्या उड्डाणांच्या नोंदींशी एकेक करून जुळवून सिद्ध करणं.

'बरोबर बांधलं' आणि 'बरोबर तेच बांधलं'

या जुळवणीच्या कामाला तीन टप्पे असतात आणि या क्षेत्रातली माणसं त्यांची इंग्रजी नावं सतत घेतात. पहिला व्हेरिफिकेशन: समीकरणं सॉफ्टवेअरमध्ये न चुकता उतरली आहेत का? दुसरा व्हॅलिडेशन: ती समीकरणं खऱ्या जगाशी जुळतात का? तिसरा अॅक्रेडिटेशन: या मॉडेलचा वापर अमुक एका कामासाठी करायला हरकत नाही, असं एका जबाबदार अधिकाऱ्याने सही करून सांगणं.

तिसऱ्यातला 'अमुक एका कामासाठी' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. सरसकट 'खरं' असं कोणतंही मॉडेल नसतं. ज्या टापूत त्याची खऱ्या मोजमापांशी गाठ घालून दिली आहे, तेवढ्या टापूत त्याचा शब्द चालतो. कुंपण ओलांडलं की तो फक्त अंदाज.

अमेरिकेच्या दार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेचं 'एचटीव्ही-२' नावाचं यान हे कुंपणाबाहेर गेल्याचं उदाहरण. ध्वनीच्या वीसपट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २१,००० किलोमीटरने वातावरणातून सरपटत जायचं होतं. या वेगाची संपूर्ण परिस्थिती कोणत्याही पवनबोगद्यात उभी करता येत नाही. त्यामुळे कमी वेगाची मोजमापं पुढे ओढून मॉडेल बनवलं. एप्रिल २०१० मध्ये पहिलं यान उडालं आणि नऊ मिनिटांत संपर्क तुटला. नाक बाजूला वळण्याचा कल अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, त्याने यान कुशीवर कलंडू लागलं आणि आवरेना. बदल करून ऑगस्ट २०११ मध्ये दुसरं सोडलं. या वेळी सुमारे तीन मिनिटं त्याने त्या अफाट वेगातही स्वतःला सावरून धरलं, म्हणजे पहिल्या अपयशातून शिकलेलं कामी आलं. मग तेही गेलं. उष्णतेने बाह्य आवरणाचे तुकडे निघणार हे गृहीत होतं, पण ते अंदाजापेक्षा खूप मोठे निघाले. फक्त उष्णतेची मॉडेलं आणि जमिनीवरच्या चाचण्या यांच्या भरवशावर या वेगाचं भाकीत करता आलं नाही, हे दार्पाने स्वतःच नंतर मान्य केलं. माझ्या मते ही दोन उड्डाणं वाया गेलेली नाहीत. मॉडेलचं कुंपण नेमकं कुठे आहे, हे त्यांनीच दाखवून दिलं.

माणूस, घड्याळ आणि गर्दी

मॉडेलमध्ये भरायला सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे माणूस. स्वीडनच्या 'ग्रिपेन' विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी, सहाव्याच उड्डाणात, उतरताना कोसळला. ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये हजारो लोकांसमोर प्रात्यक्षिक करताना दुसरं ग्रिपेन पडलं. दोन्ही वेळा वैमानिक तोच होता आणि दोन्ही वेळा वाचला. घडायचं असं: वैमानिक दांडा झपाट्याने एका बाजूला नेतो, पंखांच्या झडपा त्या वेगाने हलू शकत नाहीत, विमान उशिरा आणि जास्त प्रतिसाद देतं, घाबरून वैमानिक उलट बाजूला आणखी जोराने दांडा नेतो, आणि माणूस व यंत्र मिळून एक वाढता हेलकावा तयार करतात. दोघांपैकी कुणीही एकट्याने बिघडलेलं नसतं. अशी शक्यता उत्पादकाला माहीत होती, पण ती घडण्याचा संभव अगदीच कमी मानला गेला होता. सिम्युलेटरमध्ये बसलेल्या वैमानिकाला आतून ठाऊक असतं की जमीन खरी नाही. दांड्यावरची त्याची पकड वेगळी असते.

कधी मॉडेलमधून काळ वगळला जातो. 'पॅट्रियट' ही हवाई संरक्षण यंत्रणा मुळात सोव्हिएत विमानांशी युरोपात लढण्यासाठी घडवली होती. ती सारखी जागा बदलत राहील आणि सलग काही तासच चालू राहील, हे गृहीत होतं. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. एक-दशांश हा आकडा संगणकाच्या द्विमान, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरणाऱ्या, पद्धतीत कधीच पूर्ण लिहिता येत नाही. २४ बिटांवर तो कापला की दर मोजणीला कणभर चूक उरते. आठ-दहा तासांत ती फारशी जाणवत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला एक तुकडी सलग १०० तासांहून जास्त चालू राहिली. चूक सेकंदाच्या एक-तृतीयांशावर गेली. एवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं, त्यामुळे रडार भलत्याच जागी पाहत राहिलं. २५ फेब्रुवारीला स्कड बराकीवर पडून २८ अमेरिकी सैनिक मरण पावले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोहोचलं ते दुसऱ्या दिवशी. हा दोष शोधायला महागडं सिम्युलेशन लागणार नव्हतं. यंत्र चार दिवस चालू ठेवून पाहायला हवं होतं, पण 'चार दिवस' ही अट कुणाच्याच प्रश्नात नव्हती.

त्याच यंत्रणेची २००३ ची कहाणी मला जास्त अस्वस्थ करते. इराक युद्धात पॅट्रियटने मार्चमध्ये ब्रिटनचं एक टॉर्नेडो आणि २ एप्रिलला अमेरिकी नौदलाचं एक एफ/ए-१८ अशी आपल्याच बाजूची दोन विमानं पाडली. तीन हवाई सैनिक गेले. नंतर अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका तज्ज्ञ मंडळाने नोंदवलं की आपलं-परकं ओळखणारी यंत्रणा नीट चालत नसल्याचं सरावांमध्ये अनेकदा दिसलं होतं, तरी ते दुरुस्त झालं नाही. इथे मॉडेल चुकलं नव्हतं. सरावाने खरं सांगितलं होतं आणि ते कुणी मनावर घेतलं नाही.

जिथे चाचणीच करायची नाही

एका क्षेत्रात तर खरी चाचणी पूर्ण बंद आहे. अमेरिकेने शेवटचा अणुस्फोट २३ सप्टेंबर १९९२ रोजी केला. तेव्हापासून जुनी होत चाललेली अण्वस्त्रं अजून चालतील का, हे तपासायचं काम महासंगणकांवर आहे. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतला 'एल कॅपिटन' हा नोव्हेंबर २०२४ मध्ये जगातला सगळ्यात वेगवान संगणक ठरला, तो मुख्यतः याच कामासाठी बांधला आहे.

हे वाचून वाटेल की बघा, चाचणीशिवाय भागतं. पण या मॉडेलांच्या पायाशी अमेरिकेने आधी केलेल्या हजाराहून अधिक अणुस्फोटांच्या नोंदी आहेत. शिवाय स्फोट न करता करता येतील असे प्रयोग आजही चालू आहेत. प्लुटोनियम जुनं झाल्यावर कसं बदलतं ते मोजतात, प्रचंड लेझरने इवल्याशा गोळीवर ताऱ्याच्या पोटातली परिस्थिती निर्माण करतात. संगणकाला खऱ्या जगाची शिदोरी सतत पुरवत राहावी लागते.

कदाचित म्हणूनच अमेरिकेच्या कायद्यात एक ओळ आहे, जी मला या साऱ्या विषयातली सगळ्यात शहाणपणाची वाटते. मोठी शस्त्रप्रणाली पूर्ण प्रमाणात बनवायला घेण्याआधी प्रत्यक्ष युद्धासारख्या परिस्थितीत तिची चाचणी सक्तीची आहे, आणि निव्वळ संगणकी मॉडेल किंवा सिम्युलेशनवर आधारलेलं मूल्यमापन ही 'चाचणी' म्हणून धरली जाणार नाही. सिम्युलेशन वापरा, भरपूर वापरा, पण एकट्याच्या जोरावर नाही.

या ओळीमागचा ताण 'जेराल्ड आर. फोर्ड' या विमानवाहू जहाजाच्या बाबतीत उघड दिसला. नव्या जातीचं हे पहिलं जहाज, संगणकी मॉडेलांच्या मोठ्या आधाराने घडवलेलं. पाण्याखाली जवळच मोठा स्फोट झाला तर जहाजावरच्या यंत्रणा टिकतील का, हे पाहायला खरोखर स्फोट करण्याची जुनी रीत आहे. विमानवाहू जहाजावर असा प्रयोग १९८७ नंतर झालाच नव्हता. नौदलाचं म्हणणं होतं की हा प्रयोग याच जातीच्या दुसऱ्या जहाजावर करू, म्हणजे पहिलं लवकर सेवेत जाईल. २०१५ मध्ये पेंटागॉनने ठरवलं की तो पहिल्यावरच व्हायला हवा.

१८ जून २०२१ रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रात, जहाजाच्या शेजारी सुमारे १८ टन स्फोटकं उडवली. भूकंपमापकांवर ३.९ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. जुलै आणि ऑगस्टमध्ये आणखी दोन स्फोट झाले, प्रत्येक आधीच्यापेक्षा जवळ. खलाशी जहाजावरच होते. ऑगस्टच्या तिसऱ्या स्फोटानंतर जहाज व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज गोदीकडे तपासणी आणि दुरुस्तीसाठी निघालं, आणि कोणत्या कप्प्याला किती हादरा बसला याच्या नोंदी अभियंत्यांकडे गेल्या, संगणकाने आधी वर्तवलेल्या आकड्यांशेजारी ठेवून एकेक ताडून पाहायला.